जोर नको, चर शोधा: बाईकचा टायर घरी बदलणं आणि चाक बॅलन्स करणं

बाईकचा टायर घरी बदलणार म्हटलं की समोरचा आधी आपल्या दंडाकडे बघतो. पंक्चरवाल्याला लिव्हरवर अख्खं अंग टाकताना सगळ्यांनीच पाहिलंय, त्यामुळे हे पैलवानाचं काम असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण खरं सांगू का, टायर काढताना किंवा चढवताना घाम फुटायला लागला की थांबायचं, कारण काहीतरी चुकतंय, आणि गंमत अशी की चूक जिथे लिव्हर घातलाय तिथे सहसा नसते, बरोबर समोरच्या बाजूला असते. ते का, हे नीट कळलं की उरलेलं काम म्हणजे नट खोलायचे आणि परत आवळायचे.

टायरच्या आतल्या दोन कडा ज्या रिमला धरून बसतात त्यांना बीड म्हणतात. वरून रबर दिसतं, पण आत स्टीलच्या तारांची रिंग असते आणि ती ताणली जात नाही, कितीही ओढा. १७ इंची टायर म्हणजे या रिंगचा व्यास साधारण १७ इंच, आणि रिमवर ती ज्या पट्टीवर बसते तिचाही तेवढाच. आता रिमची बाहेरची कड त्या पट्टीपेक्षा चौफेर सव्वा-दीड सेंटीमीटर उंच असते, म्हणजे कडेचा व्यास रिंगपेक्षा अडीच-तीन सेंटीमीटरने मोठा झाला. मग न ताणणारी छोटी रिंग मोठ्या कडेवरून बाहेर येणार कशी? येते, कारण रिमच्या मधोमध गोल फिरत गेलेला एक खोलगट चर असतो. एका बाजूची बीड त्या चरात दाबून ठेवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि रिंग तिरकी होऊन कडेवरून सटकते. कासार बांगडी भरताना बांगडी ताणत नाही, अंगठा आत दुमडून हातच लहान करतो, तसंच हे. टायर ताणायचा नसतो, रिम 'लहान' करायची असते.

ही युक्ती आजची नाही. अगदी सुरुवातीचे हवेचे टायर सायकलच्या रिमला चिकटवलेले असायचे, पंक्चर काढायचं म्हणजे उखडा, ठिगळ लावा, परत चिकटवा आणि वाळायची वाट बघा. १८९० साली चार्ल्स वेल्च या इंग्रज माणसाने न ताणणारी तार आणि मध्ये खोल असलेली रिम या जोडीचं पेटंट घेतलं, आणि १८९१ मध्ये फ्रान्सात मिशलिन बंधूंनी काढता येणारा सायकलचा टायर आणला, त्याच वर्षी शार्ल तेराँ त्यावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकला. म्हणजे टायर रस्त्याच्या कडेला बसून हाताने काढता यावा यासाठीच हा सगळा खटाटोप झाला होता, आणि आपण आज अलॉयला ओरखडे पाडून घ्यायला पैसे देतो.

आधी टायर बदलायची वेळ झालीय का ते बघा. खाचांच्या तळाशी मधेमधे रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा त्रिकोण जिथे असेल त्या रेषेत शोधा, नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. आपल्याकडे कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिलीमीटर खोली लागते, पण पावसाळ्यात घाटात जाणारा माणूस तिथपर्यंत थांबत नाही. नक्षी भरपूर आहे पण टायर जुना आहे असंही होतं, विशेषतः उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं. बाजूला डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. नवीन टायर घेतानाही हे आकडे दुकानातच बघायचे, लाजायचं नाही. पल्सर १५०च्या मागच्या टायरवर १००/९०-१७ ५५पी असं काहीतरी लिहिलेलं दिसेल: १०० मिलीमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ९० टक्के, १७ इंची रिम, ५५ म्हणजे २१८ किलोपर्यंत भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. रुंद टायर टाकला की गाडी भारी दिसते म्हणून एक-दोन साईज वर जाणारे खूप आहेत, पण अरुंद रिमवर रुंद टायर टाकला की त्याचा वरचा भाग जास्त गोल होतो, वळताना टेकणारी जागा बिघडते आणि मागे चेनकव्हरला घासतो तो वेगळाच. कंपनीने दिलेली साईजच टाका.

सामान फार लागत नाही. दोन, जमलं तर तीन टायर लिव्हर, टोकं गुळगुळीत आणि गोलसर असलेले. स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, त्याने ट्यूब फाटते आणि रिमही. वॉल्वची पिन काढायची छोटी चावी, एक्सलच्या, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या, मापाचे पाने, साबणाचं दाट पाणी, ब्रश, गुडघ्याखाली घ्यायला पोतं. रिमची कड वाचवायला प्लास्टिकचे तुकडे विकत मिळतात, नाहीतर इंजिन ऑइलचा रिकामा कॅन कापून पट्ट्या करा, काम तेच. टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळता येतो तो पाना, असेल तर उत्तम.

चाक काढणं यावर फार लिहीत नाही, गाडीगणिक वेगळं आहे. डबल स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड, म्हणजे गाडी उचलून धरणारा वेगळा स्टँड, आणि पुढचं चाक काढायचं असेल तर इंजिनखाली नीट टेकू, विटांचे मनोरे नकोत. एक्सल बाहेर काढायच्या आधी दोन्ही बाजूंचे मोबाईलवर फोटो काढा, कुठला बुश कुठे, वायसर कुठल्या तोंडाने, स्पीडोमीटरचं ड्राइव्ह कसं बसलंय, हे बसवताना आठवत नाही म्हणजे नाहीच. डिस्क असेल तर चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात, दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवून ठेवा. मागे ड्रम असेल तर ब्रेकचा रॉड सोडावा लागतो आणि ब्रेक प्लेट गोल फिरू नये म्हणून स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) जोडलेली एक पट्टी असते, तिचा नट सोडावा लागतो. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे परत सांगणार आहे. चाक हातात आलंच आहे तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघा, खरखर लागली तर बदलून टाका, परत कशाला खोलायचं.

आता हवा. नुसती काढून भागत नाही, पिनच बाहेर काढायची, म्हणजे आत काही दाब राहत नाही. मग बीड रिमपासून सोडवायची. टायर महिनोन्महिने तिथे दाबून बसलेला असतो, माती आणि गंज यांनी चिकटलेला असतो, आणि ट्यूबलेस रिमला तर बीडच्या आत मुद्दाम एक छोटा उंचवटा दिलेला असतो, हवा गेली तरी टायर एकदम सुटू नये म्हणून, त्यामुळे ट्यूबलेस हट्टी असतो. ट्यूबवाला जुना स्प्लेंडरचा टायर बूट घालून टाचेने दाबला तरी सुटतो. ट्यूबलेससाठी घरगुती उपाय म्हणजे दुसऱ्या बाईकचा साईड स्टँड: चाक जमिनीवर आडवं ठेवा, त्या बाईकच्या स्टँडचा तळवा टायरच्या बाजूवर, रिमला अगदी लागून पण रिमवर नाही असा येऊ द्या, आणि बाईक हळूच त्या बाजूला कलती करा, गाडीचं वजन बीड खाली ढकलतं. एक जण बाईक धरायला हवाच. दुसरा मार्ग मोठा सी-क्लॅम्प, वेळ लागतो पण एकट्याने होतं. कुठल्याही प्रकारात डिस्कची बाजू फरशीवर टेकवायची नाही, चाकाखाली जुना टायर किंवा लाकडाचे ठोकळे द्या. डिस्क किंचित वाकली तरी ब्रेक मारताना लिव्हर हातात धडधडतो आणि मग त्याचा संशय बिचाऱ्या नव्या टायरवर जातो.

दोन्ही बाजू सुटल्या की साबणाचं पाणी लावा, सढळ हाताने. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा गंज सोडवायचे स्प्रे लावू नका, पेट्रोलियम रबराला खराब करतं आणि ते वाळत नाही, मग जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर घसरतो. साबण वाळून जातो, म्हणून साबण.

पहिला लिव्हर वॉल्वच्या जवळ घालायचा. का, तर वॉल्वपाशी चरात जागा नसते, तिथे बीड खाली उतरतच नाही, त्यामुळे समोरची, म्हणजे वॉल्वच्या विरुद्ध बाजू चरात ठेवून वॉल्वकडून सुरुवात करायची. गुडघा समोरच्या बाजूवर, बीड चरात उतरल्याची खात्री, मग लिव्हर. एका वेळी फार मोठा घास घ्यायचा नाही, पाचेक सेंटीमीटर पुढे दुसरा लिव्हर, मग तिसरा. दुसऱ्या-तिसऱ्या लिव्हरला जड गेलं तर लिव्हरवर जास्त लोंबकळायचं नाही, गुडघ्याखाली बघायचं, बीड चरातून वर सटकलेली असते, दर वेळी हेच असतं. तिथे परत दाबा आणि इकडे लिव्हर दोन बोटांनी येतो म्हणत नाही, पण एका हाताने नक्की येतो. अर्धी कड बाहेर आली की बाकीची हाताने निघते, ट्यूब असेल तर ती आता काढून घ्या, मग दुसरी बीड त्याच बाजूने.

रिम उघडी पडलीय तर नीट साफ करा, बीड बसायच्या पट्टीवरचा गंज आणि जुनं रबर काढा, ट्यूबलेसमध्ये हळूहळू हवा जाण्याचं कारण पुष्कळदा इथेच असतं. स्पोकवाल्या रिममध्ये रबराची पट्टी असते ती फाटली असेल तर बदला, स्पोकची टोकं ट्यूबला टोचतात. रिम आऊट, म्हणजे वाकडी, आहे का तेही आत्ताच बघा: चाक एक्सलवर फिरवा आणि फोर्कला झिप टाय बांधून त्याचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा, कुठे घासतं कुठे लांब जातं ते दिसतं. आऊट काढणं हे वेगळं शास्त्र आहे, ते जाणकाराकडून करून घ्या. आऊट असलेल्या रिमला कितीही वजनं चिकटवली तरी ती सरळ होत नाही.

नवा टायर चढवायच्या आधी तासभर उन्हात ठेवा. एप्रिल-मेमध्ये विदर्भात अर्धा तास पुरेल. गरम रबर लवतं, थंडीत सकाळी सात वाजता गच्चीवर हेच काम केलंत तर टायर तुमच्याशी भांडतो. बाजूवरचा बाण बघा, गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने बाण हवा. काही टायरवर पुढच्यासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात, दोन्ही वाचा. काहींवर रंगाचा ठिपका असतो, बाईकच्या टायरमध्ये तो बहुतेक टायरची सगळ्यात हलकी जागा दाखवतो, तो वॉल्वपाशी आणायचा, कारण वॉल्व जड. ठिपका नसेल तरी हरकत नाही. आणि इथे एक सोपी गोष्ट आहे जी फार कमी लोक करतात: टायर चढवायच्या आधी नुसती रिम एक्सलवर टांगून बघा ती कुठे जड आहे. रिमची जड जागा वॉल्वपाशीच असते असं काही नाही, कधी ती भलतीकडेच निघते. ठिपका त्या खऱ्या जड जागेवर आणला तर पुढे वजनं कमी लागतात.

आता चढवण्याचे दोन रस्ते. नेहमीचा रस्ता म्हणजे एक बीड आधी, ती बहुतेक हाताने आणि एखाद्या लिव्हरने जाते, मग ट्यूब असेल तर ट्यूब, मग दुसरी बीड. दुसऱ्या बीडची सुरुवात वॉल्वच्या समोरून आणि शेवट वॉल्वपाशी, कारण तेच, शेवटी ढील लागते तेव्हा चर समोर मोकळा हवा. शेवटचा वीतभर भाग सगळ्यात ताठ असतो आणि सगळ्या ट्यूबा तिथेच फाटतात. त्या वेळी दोन्ही गुडघे समोर, बीड चरात, लिव्हर फक्त बीड पकडेल एवढाच आत, खोल नाही.

दुसरा रस्ता झिप टायचा, आणि घरी करणाऱ्यांसाठी मला तोच आवडतो. नव्या टायरच्या दोन्ही बीड एकमेकींना चिकटतील इतक्या दाबून टायरभोवती सात-आठ जाड झिप टाय आवळायचे. आता दोन बीडची जणू एकच बीड झाली आणि ती अख्खी चरात मावते. साबण लावा, एका बाजूने तिरका टायर रिमवर चढवा, चरात बसवा आणि उरलेला भाग गुडघ्याने दाबत जा, पुष्कळ वेळा लिव्हर लागतच नाही, अलॉयला ओरखडा नाही. मग झिप टाय कापून ओढून काढायचे, सगळे मोजून, एखादा आत राहिला तर तो आत खुळखुळतो. एकदम रुंद आणि कडक टायरला हे जड जातं, १००-१२० रुंदीला मस्त चालतं. आणि हे काम करायला लागलं की बीड आणि चर यांचं गणित डोळ्यांना दिसतं.

ट्यूबवाल्यांसाठी थोडं जास्त. नव्या टायरबरोबर नवी ट्यूब टाका, जुनी ट्यूब पसरलेली असते, ती नव्या टायरमध्ये घडी पडून बसते आणि घडीवरच फुटते. ट्यूबला शंखजिऱ्याची पावडर चोळा, घरात बेबी पावडर असेल तर तीही चालते. आत घालण्याआधी ट्यूबमध्ये जेमतेम गोल होईल इतकी हवा भरा, चपटी ट्यूब लिव्हरखाली येते आणि जास्त फुगलेली आत मावत नाही. वॉल्व बाहेर काढला की त्याचा नट अगदी वर हलकाच लावा, रिमला घट्ट आवळू नका. बीड बसवून झाल्यावर वॉल्व एकदा आत ढकलून बघा, मोकळा हलला पाहिजे, नाहीतर ट्यूब बीडखाली अडकलीय. पुढे काही महिन्यांनी वॉल्व तिरका झालेला दिसला तर समजा टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला ओढतोय, बहुतेक हवा कमी ठेवल्यामुळे. नट घट्ट नसेल तर निदान तिरका झालेला दिसतो, घट्ट आवळला असेल तर वॉल्व मुळापासून फाटतो.

हवा भरताना ट्यूबवाला टायर सायकलच्या पंपानेही बसतो. ट्यूबलेसला मात्र सुरुवातीला एकदम भरपूर हवा लागते, कारण बीड आणि रिम यांच्यात फट असते आणि पायपंपाची हवा फटीतून निघून जाते. पिन काढलेली ठेवून कॉम्प्रेसरने भरायचं, टायरच्या मधोमध दोरी किंवा बेल्ट आवळला तर बीड बाहेर ढकलल्या जातात आणि फट कमी होते. हे घरी जमत नसेल तर चाक उचलून पंक्चरच्या दुकानात न्या, दोन मिनिटांचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. आत पेट्रोल किंवा डिओडरंट फवारून काडी लावायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका, हात-तोंड भाजायची लक्षणं. बीड जागेवर बसताना फट्ट असा आवाज येतो, दोन्ही बाजूंचा वेगळा, त्या वेळी बोटं बीडजवळ नकोत. दाब ४० पीएसआयच्या वर नेऊ नका, बसत नसेल तर हवा काढा, परत साबण लावा, परत भरा. बसला की रिमला लागून टायरवर एक बारीक गोल रेघ असते, ती चौफेर रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेलेली असेल तर टायर तिथे बसलेला नाही आणि मग चालवताना चाक उड्या मारतं. मग पिन लावायची आणि गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब ठेवायचा.

आता बॅलन्सिंग. आपल्याकडे स्प्लेंडर, शाईनवाल्यांना हे कोणी कधी विचारलेलंच नसतं, आणि शहरात ४०-५०ने चालवणाऱ्याला न विचारलेलंही चालून जातं. का ते आकड्यात बघू. १७ इंची चाकाच्या रिमपाशी २० ग्रॅम जास्त आहेत असं धरा. चाक फिरताना ते २० ग्रॅम बाहेर ओढतात, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४० किलोमीटरला ती अर्ध्या किलोच्या थोडी वर, ८०ला चौपट म्हणजे साधारण सव्वादोन किलो, १२०ला पाच किलोच्या वर. आणि ८०च्या वेगाने चाक सेकंदाला साडेअकरा फेऱ्या मारतं, म्हणजे तेवढ्या वेळा कोणीतरी चाकाला सव्वादोन किलोने एकदा वर, एकदा खाली ओढतंय. पुणे-कोल्हापूर हायवेला ८०-९०ने जाणाऱ्याचा हात बधिर होतो, शॉकअप, बेअरिंग आणि टायर आपापली झीज सोसतात.

पण प्रत्येक थरथर बॅलन्सिंगची नसते. ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला क्लच दाबून इंजिन मोकळं सोडा: थरथर गेली तर ती इंजिनची. जुन्या बुलेटवाल्यांनी ही टेस्ट करायच्या भानगडीत पडू नये. थरथर राहिली आणि वेगाबरोबर वाढते-घटते तर चाक. हँडल सोडल्यासारखं धरून ५०-६०वरून वेग कमी करताना हँडल डावी-उजवीकडे नाचत असेल तर आधी कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) आणि पुढच्या टायरची उंचसखल झीज बघा.

बॅलन्सिंगचं मशीन लागत नाही. बाईकचं चाक कारपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे डावी-उजवीकडचा फरक फार पडत नाही, जड जागा वर्तुळात कुठे आहे एवढं शोधलं तरी बहुतेक सगळं काम होतं, आणि ते शोधायला गुरुत्वाकर्षण फुकट आहे. चाकाचा एक्सल दोन खुर्च्यांच्या किंवा दोन स्टुलांच्या मध्ये आडवा ठेवा, चाक मधे लोंबकळत मोकळं फिरलं पाहिजे. एक्सल पातळीत हवा, मोबाईलमधलं लेव्हल ॲप लावून बघा. अडचण एकच, बेअरिंगच्या बाहेर रबरी सील असतं, ते चाकाला धरून ठेवतं आणि दहा-पंधरा ग्रॅमचा फरक त्या घर्षणात लपतो. म्हणून सील अलगद काढून ठेवा, नाहीतर एक्सलऐवजी बारीक सळई आणि दोन शंकू असलेला बॅलन्सिंग स्टँड घ्या, त्यात चाकाचं बेअरिंग वापरलंच जात नाही, स्टँडची स्वतःची सैल बेअरिंग फिरतात. मित्रांत मिळून एक घेतला तर परवडतो.

चाक हलकेच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. थांबण्याआधी ते थोडं मागेपुढे झुलतं, जड जागा खाली येऊन थांबते. सगळ्यात वरच्या जागी खडूने खूण करा. पुन्हा वेगळ्या जागेपासून सोडा. तीन-चारदा तीच खूण वर आली तर जड जागा पक्की सापडली आणि वजन त्या खुणेवर लागणार. दर वेळी वेगवेगळ्या जागी थांबलं तर चाक बॅलन्समध्येच आहे, चहा घ्या.

किती वजन, यासाठी चिकटपट्टीने नाणी लावा. पाचचं नाणं ६-७ ग्रॅमचं, रुपयाचं तीन-चार, वेगवेगळ्या सालची वेगवेगळी भरतात, म्हणून शेवटी छोट्या काट्यावर मोजायची. खुणेवर नाणं लावा, मग चाक फिरवून खूण घड्याळातल्या तीनच्या जागी आणा आणि सोडा. खूण वर गेली तर वजन कमी आहे, खाली आली तर जास्त, तिथेच थांबली तर झालं. मग खूण नऊवर आणून पुन्हा खात्री. नाणी काढून काट्यावर ठेवा आणि तेवढ्याच ग्रॅमची चिकटवायची वजनं लावा, ती ५-५ ग्रॅमच्या पट्टीत मिळतात. लावायची जागा रिमच्या मधोमध, आधी स्पिरिटने पुसून, चेनच्या ऑइलचा थर असेल तर ती दुसऱ्या दिवशीच पडतात. स्पोकच्या चाकाला स्पोकवर आवळायची वजनं येतात. पाच ग्रॅमच्या आतल्या फरकासाठी जीव टाकायची गरज नाही. उलट ५०-६० ग्रॅमच्या वर लागत असतील तर वजनं चिकटवत सुटू नका, बीड सोडवून टायर रिमवर अर्धा गोल फिरवा आणि परत मोजा, बहुतेक वेळा टायरची आणि रिमची जड जागा एकाच ठिकाणी आलेली असते.

पंक्चर आपोआप बुजवणारं जेल भरणार असाल तर एक लक्षात घ्या, ते रात्रभर खाली साठतं आणि सकाळी पहिले काही किलोमीटर चाक डुलतं, त्याला बॅलन्सिंगने काही करता येत नाही. पुढच्या वेळी टायर काढताना ते जेल हाताला आणि फरशीला लागतं ते वेगळं.

काढलेली सील परत बसवा आणि चाक फोटो बघून लावा. डिस्क पॅडमध्ये सरकवा, स्पीडोमीटरच्या ड्राइव्हचे दात त्याच्या खाचेत बसलेत का बघा, नाहीतर एक्सल आवळला की ते चिरडतात. चेनचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून लावा. एक्सलचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, स्प्लिट पिन असेल तर नवी. आणि ती ब्रेक प्लेटची पट्टी: तिचा नट आणि पिन दोनदा तपासा, कारण ती सुटी राहिली तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड ओढला जातो आणि चाक जाम होतं. डिस्कवाल्यांनी निघायच्या आधी ब्रेक दहा-बारा वेळा पंप करा, पहिल्या दाबाला लिव्हर सरळ हँडलला टेकतो कारण पॅड मागे गेलेले असतात. हे गल्लीच्या तोंडाशी कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका आणि ब्रेक हळू, पावसात तर जास्तच जपून. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना हवा मोजा, कमी झाली असेल तर बीडवर आणि वॉल्वच्या तोंडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, पिन नीट आवळलेली नसणं हे सगळ्यात नेहमीचं कारण. एक्सलचा नट आणि चेनचा ताण थोडं फिरून आल्यावर एकदा परत बघा.